लौटनपारला लौटनपार काहून म्हणतात

ताईंच्या पुस्तकातली एक गोष्ट खोटी आहे आणि ती मी रचलेली आहे. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि ताईंना तर नाहीच. ताई असत्या तर एवढ्यावरच त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला असता, मान थोडी तिरपी केली असती आणि विचारलं असतं, "अच्छा. काहून?"

काहून म्हणजे का. आमच्या जबलपुरात नागपूरकडून आलेल्या मराठी घरांतून हा शब्द अजून रोजच्या वापरात आहे. पण ताईंचा काहून जरा वेगळा होता. माणूस भेटला की त्यांचा पहिला प्रश्न, गाव कोणतं. त्यानं नाव सांगितलं की दुसरा, त्या गावाला तसं काहून म्हणतात. तिसरा प्रश्न सहसा लागायचा नाही, कारण दुसऱ्यालाच माणूस आडवा व्हायचा. तुम्हीही स्वतःला विचारून पाहा. जन्म गेलेला असतो त्या गावात आणि सांगता काही येत नाही.

नेपियर टाउनातल्या एका दवाखान्यात डॉक्टर त्यांच्या दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा गुंडाळत होते. मी शेजारी उभा होतो. ताईंनी विचारलं, "डॉक्टरसाहब, आपका गाँव?" डॉक्टरांनी दमोहकडलं एक नाव सांगितलं. "अच्छा. ऐसा काहून कहते हैं?" डॉक्टर म्हणाले, पता नहीं. "तो पिताजी को फोन लगाइए. मेरा बीपी कहीं नहीं जाता." डॉक्टरांनी खरंच लावला. बाहेर पेशंट ताटकळले. वडिलांनाही माहीत नव्हतं. ते म्हणाले, पलीकडच्या घरातल्या म्हाताऱ्याला ठाऊक असेल, पण त्याचं-आमचं बोलणं नाही. हे ऐकून ताई इतक्या खूश झाल्या की बीपी वाढलेलं निघालं.

शेजाऱ्यांचं भांडण ऐकून खूश काहून झाल्या, ते सांगायला हवं. पण त्याआधी ताई कोण ते.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर त्या एकट्या राहायच्या. वर कोचिंग क्लास, मागच्या बाजूला आम्ही. नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये झाली. ट्रंक कॉल जोडून द्यायच्या त्या काळात शहपुरा तहसिलीतल्या गावांची नावं त्यांच्या कानात दिवसभर पडायची, आणि त्यातलं एकही गाव त्यांनी पाहिलेलं नव्हतं. रिटायर झाल्यावर लोक चारधाम करतात. ताईंनी तहसील धरली. प्रत्येक गावाचं नाव कसं पडलं, त्याची गोष्ट कोणती, गाणं असलं तर ते कोणतं, सगळं गोळा करायचं आणि मराठीत पुस्तक काढायचं. मी एकदा म्हणालो, "ताई, गावं हिंदीवाल्यांची, पुस्तक मराठीत. वाचणार कोण?" त्या म्हणाल्या, "गोष्ट विचारताना मला हिंदी येते. लिहिताना नाही येत. आता या वयात खोटं हिंदी काहून लिहू?"

माझा धंदा शेतीपंपांचा. विकणं आणि बिघडले की पाहायला जाणं. त्यामुळे त्या बाजूच्या गावांत माझी ये-जा असायची आणि माझ्याकडे स्कूटर होती. ताईंच्या दृष्टीनं माझ्यात एवढे दोन गुण पुरे होते. रविवारी सकाळी खालून हाक यायची, "बाबू, पंप पाहायला चालला का? मी पण येऊन राहिली." मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायच्या. मांडीवर स्टीलचा डबा, एका हातात छत्री, दुसरा हात माझ्या खांद्यावर. रस्त्यात पाटी दिसली की तो हात खांद्यावर दाबायचा. म्हणजे थांब. तिलवाऱ्याच्या पुलावर एकदा नर्मदेला निघालेल्या बायका बंबुलिया गात चालल्या होत्या. बंबुलिया म्हणजे नदीकडे जाताना लांब हेल काढून म्हणायचं गाणं. ताईंनी पुलाच्या मधोमध खांदा दाबला. मागे ट्रक, त्याच्या मागे बस. सगळे हॉर्न मारताहेत आणि ताई मागे वळून ट्रकवाल्याला सांगताहेत, "भैया, ज़रा चुप रहो, दूसरी कड़ी आने दो." तो चूप राहिला. ताईंचा आवाज एक्स्चेंजमधला होता. तो आवाज 'होल्ड कीजिए' म्हणाला की माणूस आपोआप थांबायचा.

आता भांडणाचं. ताईंचा एक नियम होता. नावाची गोष्ट तीन तोंडांतून यायला हवी, आणि ती तीन तोंडं एका चुलीवरची नकोत. एकाच घरातले, एकाच पारावरचे, एकाच भजनी मंडळातले तिघं एकच सांगतात, त्याला काय अर्थ आहे? त्यांनी ते एकमेकांचंच ऐकलेलं असतं. म्हणून तोंडं हवीत ती एकमेकांशी न बोलणाऱ्यांची. त्यामुळे कोणत्याही गावात स्कूटरवरून उतरल्यावर, पाणीसुद्धा प्यायच्या आधी, ताई पहिल्या दिसणाऱ्या माणसाला विचारायच्या, "भैया, आपके गाँव में झगड़ा किसका किससे है?"

यानं काय व्हायचं त्याची तुम्ही कल्पना करू शकता. मी ज्यांना पंप विकले ते लोक माझ्याकडे पाहायचे. काहींना वाटायचं बाई कोर्टातून आली आहे. एका गावात एक म्हातारा जमिनीचे कागद घेऊन आमच्यामागे शेवटपर्यंत फिरला. दुसऱ्या एका गावात दोन्ही पार्ट्यांनी ताईंना आपापल्या घरी जेवायला बसवलं आणि दोन्ही जागी त्या जेवल्या, कारण अर्धपोटी उठलं तर गोष्ट अर्धी मिळते असं त्यांचं मत होतं.

मी म्हणायचो, "अहो ताई, दुश्मन आहे म्हटल्यावर तो मुद्दाम उलटं सांगेल ना."

"सांगू दे. त्यातल्या शिव्या वजा करायच्या. उरते ती गोष्ट."

आणि खरंच उरायची. मी पाहिलं आहे. एकानं सांगायचं, आमच्या आजोबांनी इथं वाघ मारला म्हणून हे नाव. दुसऱ्यानं सांगायचं, त्याच्या आजोबाला इथं वाघानं झाडावर बसवून ठेवलं म्हणून हे नाव. ताई लिहायच्या: वाघ होता.

नियमात बसली नाही ती गोष्ट, कितीही गोड असो, पुस्तकात नाही. फार सुंदर सुंदर गोष्टी ताईंनी एका तोंडाच्या म्हणून सोडून दिल्या. त्यात एक माझ्या घराण्याची होती.

आमच्या घरात पिढ्यान् पिढ्या सांगतात की जुन्या वस्तीतल्या एका गल्लीचं नाव आमच्या खापरपणजोबांवरून पडलं आहे. ते नागपूरकरांच्या फौजेबरोबर आले, तिथं घोड्यावरून उतरले आणि म्हणाले, आता इथून हलणार नाही. वडिलांनी हे सांगताना प्रत्येक वेळी घोड्याचा रंग सांगितला. मी ताईंना मोठ्या अभिमानानं ही गोष्ट दिली. त्यांनी चष्मा वर केला. "अच्छा. तुमच्या घरचं कोणाशी पटत नाही?"

पटत नव्हतं ते माझ्या चुलत काकांशी. एका लग्नात श्रीखंड कमी पडलं, तेव्हापासून. ताई एकट्याच रिक्षानं त्यांच्याकडे गेल्या. काका म्हणाले, "घोडा? गाढवावरून पडले होते ते. पाय मोडला म्हणून हलले नाहीत." मग ताईंनी गल्लीतल्या जुन्या पानवाल्याला गाठलं. त्याच्या मते गल्लीचं नाव एका हलवायावरून होतं आणि मराठा फौजेचा तिथं काही संबंधच नव्हता.

संध्याकाळी ताईंनी मला बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, "बाबू, तुझे खापरपणजोबा एकाच चुलीवरचे निघाले रे."

मी हसलो. पण आत कुठेतरी ते लागलं. पंप विकणाऱ्या माणसाजवळ अभिमान ठेवायला जागा थोडी असते, त्यातली एक त्यांनी रिकामी केली होती. वडील तेव्हा हयात होते. त्यांना मी सांगितलं की गोष्ट पुस्तकात घेतली आहे.

लौटनपार हे गाव नर्मदेच्या काठावर आहे, तिलवाऱ्याचा पूल ओलांडून बऱ्याच आत. ताईंची बाकी सगळी गावं होत आली होती आणि हे एक अडून बसलं. लौटन म्हणजे परत येणं, पार म्हणजे काठ, एवढं शाळेतलं पोरही सांगेल. पण कोण परत आलं, कुठून, ते एकालाही ठाऊक नव्हतं. गावात मावसभावांच्या दोन घरांत ट्रॅक्टरच्या वाटेवरून चांगलं कडकडीत भांडण होतं, ताईंना हवं तसं. पण दोन्ही घरांचं उत्तर एकच, "ऐसई है." ज्यांचं बाकी कशावरच एकमत नव्हतं, त्यांचं माहीत नसण्यावर होतं. आम्ही पुन्हा गेलो, पुन्हा ऐसई. पुन्हा गेलो. ऊन वाढत चाललं होतं. येताना ताई स्कूटरवरून उतरल्या की भिंत धरून उभ्या राहायच्या.

"ताई, एक गाव सोडून द्या ना. काहून जीव देऊन राहिल्या?"

"ज्या गावाच्या नावातच कोणी परत आलं आहे, तेच कसं सोडू?"

हे त्या सहज बोलल्या. पण इथं मला एक सांगावं लागेल, जे आमच्या इमारतीत सगळ्यांना माहीत होतं आणि ज्याबद्दल कोणीच बोलत नसे. ताईंचं लग्न झालं होतं, अमरावतीकडे. चार-सहा महिन्यांत त्या परत आल्या. भावानं दार उघडलं, पण आईनं म्हणे दोन दिवस त्यांच्याशी शब्द काढला नाही. पुढे नोकरी लागली आणि त्या वेगळ्या राहिल्या. का परत आल्या, ते जगाला काहून विचारणाऱ्या या बाईला कोणी विचारलं नाही. मीही नाही.

त्यानंतरच्या आठवड्यात मी पंपाच्या कामासाठी एकटाच लौटनपारला गेलो. काम होईपर्यंत परसादीच्या टपरीवर बसलो. परसादी चहावाला, बोलका माणूस, त्याची टपरी घाटाच्या वरच्या अंगाला. त्यानं विचारलं, "ताईजी नईं आईं?" मी म्हटलं, नाही. आणि मग मी त्याला म्हणालो, "परसादी भैया, तुमाए गाँव का नाम कैसे पड़ा, मालूम है? हमने सुना है एक जगह."

मी हे काहून केलं, याचा मी बराच विचार केला आहे. ताईंची दगदग थांबावी म्हणून, असं मी स्वतःला सांगत आलो. त्यात खरं आहे. पण दुसरंही खरं आहे. माझ्या खापरपणजोबांना खोडणारा तो नियम एकदा फसलेला मला पाहायचा होता. आणि गोष्ट रचायला सामान लागतं, ते मला सगळ्यात जवळचं सापडलं. तळमजल्यावरचं.

गोष्ट अशी. लौटनपारची मुलगी लग्न होऊन नावेतून पलीकडच्या काठाला निघाली. मध्यधारेत तिनं नावाड्याला सांगितलं, नाव फिरव. वऱ्हाडी ओरडायला लागले. नावाड्यानं विचारलं, काय झालं बेटी? ती म्हणाली, मन नाही. त्यानं नाव फिरवली. इकडच्या काठावर गाव अजून तसंच उभं होतं, निरोप देऊन कोणी घरी गेलं नव्हतं. नाव टेकली. मुलगी उतरली. गावानं तिला घरी नेलं आणि कोणी एक शब्द विचारला नाही. तेव्हापासून लौटनपार.

परसादीनं चहाचा पेला हातात तसाच धरून ऐकलं. शेवटी म्हणाला, "हओ. होगी ऐसी बात. नदी तो जइसी तब थी, वइसी अब है." मी पंपाचं काम आटोपून घरी आलो. एवढंच मी केलं. पुढचं गावानं केलं.

पुढच्या खेपेला ताई बरोबर होत्या. त्यांनी थकून नेहमीचा प्रश्न विचारला आणि पहिल्या मावसभावानं खाट झटकून सांगितलं, "अब आप इत्ती बार आईं हैं तो बताय देत हैं." त्याच्या गोष्टीत नावाडी हा त्याचा पूर्वज होता. ताईंचं पेन थांबलं. त्या मला म्हणाल्या, "बाबू, दुसऱ्या घरी चल. लवकर." दुसऱ्या मावसभावाच्या गोष्टीतही नावाडी त्याचाच पूर्वज होता. पहिल्याचा पूर्वज वऱ्हाडी मंडळींत होता, आणि लग्न मोडल्याचं सोडून जेवण बुडालं म्हणून रडत होता. ताईंनी शिव्या वजा केल्या. उरली ती माझी गोष्ट.

तिसरं तोंड त्यांनी स्वतः शोधलं. घाटाजवळच्या झोपडीत एकटी राहणारी एक म्हातारी, जिचं दोन्ही घरांशी आणि बाकी गावाशीही पटत नव्हतं. तिनं गोष्ट सांगितलीच नाही. तिनं गायलं.

फेर दे नैया, केवटा रे,
अबै न सूखे माई के अँसुआ रे.

नाव फिरव नावाड्या, आईचे डोळे अजून कोरडे झालेले नाहीत. हे मी रचलेलं नव्हतं. माझ्या गोष्टीत आई नव्हतीच. मला ती सुचली नव्हती. ताईंनी विचारलं, अम्मा, यह किससे सीखा? ती म्हणाली, "हमाई सास गाउत तीं."

या वाक्याला धरून मी कित्येक वर्षं लोंबकळलो. वाटायचं, असेलही. मी अंधारात दगड मारला आणि तो खऱ्या गोष्टीला लागला असेल. पण तशा म्हाताऱ्या मी तोपर्यंत ताईंबरोबर पुष्कळ पाहिल्या होत्या. कालची ओळ सासूच्या नावावर गाणं ही त्यांची रीतच आहे. स्वतःच्या नावावर गायलं तर ऐकतं कोण? टपरीपासून तिची झोपडी हाकेच्या अंतरावर होती.

परत येताना तिलवाऱ्याच्या पुलावर ताईंनी खांदा दाबला. मी थांबलो. गाणारं कोणी नव्हतं, पाटीही नव्हती. त्यांनी कठड्याला धरून नदीकडे पाहिलं आणि पदरानं नाक पुसून म्हणाल्या, "एक तरी गाव निघालं रे. चल, उशीर करून राहिला तू."

पुस्तक निघालं तेव्हा सगळ्यात पहिली गोष्ट लौटनपारची होती. प्रकाशनाला मोजकी मराठी मंडळी आली होती. ताईंनी भाषणात माझे आभार मानले आणि म्हणाल्या, "याच्या स्कूटरला मागे हात धरायला काही नाही, म्हणून हा माणूस मी इतकी वर्षं धरून ठेवला." लोक हसले. मीही हसलो. मग त्यांनी लौटनपारची गोष्ट वाचून दाखवली. 'कोणी एक शब्द विचारला नाही' या वाक्याशी त्या थोडं थांबल्या. पुढे बसलेल्या बायकांना वाटलं चष्मा सरकला.

मी सांगायला गेलो नाही असं नाही. एकदा गेलो. त्या दिवशी वरच्या कोचिंग क्लासवाल्याशी त्यांचं वाजलं होतं. पोरं त्यांच्या तुळशीत चहाचे कागदी कप टाकायची. तो जिना चढून गेल्यावर मी दारातच म्हणालो, "ताई, पुस्तकातली एक गोष्ट खोटी आहे."

चष्मा कपाळावर गेला. "कोण म्हणतं?"

"मी."

"एकच तोंड?"

मी चौकटीला टेकलो.

"जा, अजून दोन आण. तुझ्या चुलीवरची नको." आणि त्या आत चहा टाकायला गेल्या.

पुस्तकातली कोणती गोष्ट, हे त्यांनी विचारलंच नाही. जन्मभर ज्या बाईनं काहून विचारलं, तिनं त्या दिवशी विचारलं नाही. मला त्यावरून बरंच काही समजायला हवं होतं. पण मला फक्त सुटल्यासारखं वाटलं. मी आलं घातलेला चहा प्यायलो, तुळशीतले कप वेचायला मदत केली आणि घरी आलो. गोष्ट रचणं हा एका दुपारचा वाह्यातपणा होता. पण त्या दारातून सुटकेचा श्वास टाकून परतणं, ते मी पूर्ण शुद्धीत केलं.

ताई दोन वर्षांपूर्वी गेल्या. फार त्रास झाला नाही. शेवटच्या आठवड्यात घरी येणाऱ्या नर्सचं गाव कोणतं आणि त्या गावात भांडण कोणाचं, हे त्यांना कळलं होतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात परसादीचा फोन आला. "भैया, किताब पढ़ने आ जाओ. जल्दी."

मला वाटलं काही कार्यक्रम असेल. गेलो तर टपरीसमोर दोन जीपगाड्या उभ्या आणि खाटांवर पंचमंडळी. परसादीची मुलगी सुमन पलीकडच्या काठाला दिली होती. ती परत आली होती आणि सासरचे न्यायला आले होते. परसादीनं ताईंच्या पुस्तकातलं पहिलं पान कधीच लॅमिनेट करून चहाच्या डब्यांच्या वर टांगलं होतं. गावात मराठी वाचणारं कोणी नाही. तरी जो येईल त्याला तो त्या पानाकडे बोट दाखवून गोष्ट सांगायचा. आज त्यानं ते काढून पंचांच्या पुढ्यात ठेवलं होतं, जमिनीच्या कागदासारखं.

सासरकडचा म्हातारा म्हणाला, "यह तो मराठी है. इसका क्या भरोसा?"

"भैया पढ़ेंगे," परसादी म्हणाला. "भैया ताईजी के आदमी हैं."

मी पान हातात घेतलं. मराठीतून वाचत गेलो आणि हिंदीतून सांगत गेलो. भांडणारे मावसभाऊ दोघंही हजर होते. नावाड्यापाशी आल्यावर दोघांनीही छाती पुढे काढली. एक म्हणाला, हमारे थे. दुसरा म्हणाला, इनके तो बरात में थे, पूड़ी को रो रहे थे. पंच हसले. सासरचेही हसले. मी पुढे वाचलं. गावानं तिला घरी नेलं आणि कोणी एक शब्द विचारला नाही.

म्हाताऱ्यानं माझ्याकडे रोखून पाहिलं. "आप पढ़े-लिखे हैं. सच्ची बात है यह?"

मी म्हणालो, "तीन लोगों ने बताई है. तीनों की आपस में बोलचाल नईं है."

म्हातारा पागोटं सारखं करून म्हणाला, "गाँव का नाम ही ऐसा है तो हम का करें." परसादीनं सगळ्यांना चहा दिला. त्यांनी तो प्यायला आणि जीपगाड्या गेल्या.

सुमन पेले धूत होती. हात न थांबवता तिनं मला विचारलं, "भैया, उस दुल्हन ने बाद में कुछ बताया? क्यों लौटी?"

"नईं. किसी ने पूछा नईं."

"अच्छा," ती म्हणाली. पेला उपडा ठेवला. "यहाँ भी किसी ने नईं पूछा."

आता टपरी बरीचशी तीच सांभाळते. पान पुन्हा डब्यांच्या वर आहे. नवीन कोणी आलं की परसादीऐवजी तीच गोष्ट सांगते, आणि तिच्या गोष्टीत आई आहे, काठावर उभी. गेल्या महिन्यात पंपाच्या कामाला गेलो तेव्हा मी बाकावर बसून ती पूर्ण ऐकली. माझ्यापेक्षा ती चांगली सांगते. सांगून झाल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, म्हणजे बरोबर आहे ना, अशा अर्थी. मी मान हलवली.

हे सगळं मी मराठीत लिहितो आहे. लौटनपारला हे कोणी वाचणार नाही, हे मला लिहायला बसतानाच ठाऊक होतं, आणि म्हणूनच कदाचित लिहायचं धाडस झालं. ताईंना सांगायचं राहिलं, ते आता फिटण्यातलं नाही. सुमनला सांगायचं आहे. तिच्या टपरीवर, दिवसाउजेडी, हिंदीतून, परसादीच्या देखत: ही गोष्ट मी रचली. मग तिला काय वाटेल ते वाटो. तेवढं माझ्याकडे बाकी आहे, आणि ते मी अजून केलेलं नाही.